एम.ए.च्या प्रोजेक्टला लिंगभाव-लैंगिकता घ्यायचंय, सर म्हणतात मराठीत मटेरियलच नाही

बदलापूर_फास्ट:
नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, सांभाळून घ्या.

एम.ए. मराठी, दुसरं वर्ष. कॉलेजचं नाव नको. शेवटच्या सेमला रिसर्च प्रोजेक्ट आहे, साठ-सत्तर पानांचा, आणि मी विषय ठरवलाय 'मराठी साहित्यातील लिंगभाव (म्हणजे जेंडर) आणि लैंगिकता'. सिनॉप्सिस घेऊन सरांकडे गेले तर त्यांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला आणि म्हणाले, अगं हे सगळं इंग्लिश डिपार्टमेंटचं, आपल्याकडे मटेरियल कुठाय, त्यापेक्षा स्त्रीवादी कविता घे, सगळं आयतं आहे. आयतं आहे तेच तर नकोय ना. सर वाईट नाहीयेत, कधी कोणाला आडवे गेले नाहीत, पण या विषयाचं नाव काढलं की त्यांचं लक्ष खिडकीबाहेर जातं.

माझ्याकडे आत्ता एवढंच आहे: तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट', सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' आणि बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर', जी अजून हातात आलेली नाही. त्याचीही गंमतच. लायब्ररीच्या काउंटरवर 'पार्टनर' मागितली तर व. पु. काळ्यांची काढून दिली. म्हटलं ही नाही, दुसरी, खिरेंची. तर तिथले काका मोठ्याने विचारतात, "कशावर आहे?" मागे लायनीत सात-आठ जण. मी म्हटलं, "असू दे, हीच द्या," आणि वपु घेऊन घरी आले.

तर या तीन पुस्तकांवर प्रोजेक्ट होतो का? आणि थिअरी कुठली लावू? सगळे फुको आणि बटलर या पाश्चात्त्य विचारवंतांची नावं घेतात, पण इंग्रजीतून वाचताना कुर्ल्याला सुरू केलेलं पान डोंबिवलीला संपतं. आणि मुख्य म्हणजे सरांना पटवू कसं??

पंखा_नंबर_तीन:
मटेरियल नाही हे तर हास्यास्पद आहे. पण तुझा सिनॉप्सिससुद्धा फसलाय, स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस, मी स्वतः पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे आणि माझा विषय तीनदा बदललाय. 'मराठी साहित्यातील' म्हटलंस की गेली लीळाचरित्रापासून कालच्या दिवाळी अंकापर्यंतची जबाबदारी तुझ्या डोक्यावर. व्हायवाला कोणीतरी उठून विचारणारच की मग अमुक का नाही घेतलं.

दुसरं म्हणजे तू पात्रं शोधत निघालीयेस. कोण गे आहे, कोण लेस्बियन आहे, झाली यादी. तसं केलंस तर सर म्हणतात ते खरं ठरतं, कारण उघड उघड अशी पात्रं मोजकीच सापडणार. त्यापेक्षा असं विचार ना, की कोण कोणाच्या आवाजात बोलतंय? ज्ञानेश्वरांच्या विराण्या घे. बोलणारी बाई आहे, विरहाने तळमळतेय, लिहिणारा पुरुष, तोही संन्याशाचा मुलगा. एकनाथांच्या गौळणी घे. पेशवाईतल्या लावण्या घे, राम जोशी, होनाजी, सगनभाऊ सगळे पुरुष आणि लावणीत बाई बोलतेय की माझा सखा आला नाही. गाणारा नाच्या पोरगा, म्हणजे बाईच्या वेशातला मुलगा, असेल तर आणखी एक पीळ. मग बालगंधर्व. अख्ख्या मध्यमवर्गातल्या बायका एका पुरुषाकडे बघून नऊवारी नेसायला आणि गजरा माळायला शिकल्या असं आपण कौतुकाने सांगतो, मग थांबून त्यावर विचार का नाही करत?

आणि यातलं माझं लाडकं म्हणजे सतीश आळेकरांचं 'बेगम बर्वे', १९७९. वाचलं नसशील तर आज वाच. बर्वे हा संगीत नाटकात बायकांची किरकोळ कामं केलेला नट, आता ते दिवस गेले, उदबत्त्या विकून पोट भरतो, श्यामराव टांगेवाल्याच्या धाकात राहतो. तिकडे दोन कारकून, जावडेकर आणि बावडेकर, त्यांच्या डोक्यात ऑफिसातल्या नलावडेबाई. आणि ही स्वप्नं एकमेकांत अशी मिसळतात की बर्वेच नलावडेबाई होतो, लग्न होतं, दिवसही जातात. विनोदी आहे, हसता हसता मग पोटात खड्डा पडतो. तो बाई होण्याचं सोंग करतोय की आयुष्यभर पुरुष असल्याचं सोंग करत होता, हे नाटक सांगत नाही आणि तेच बरं आहे. जुडिथ बटलर यांचं 'जेंडर ट्रबल' आलं १९९० साली, की लिंगभाव आतून ठरलेला नसतो, करत राहण्यातून तो घडतो. आळेकरांनी ते अकरा वर्षं आधी पुण्यात स्टेजवर करून दाखवलं, पदं म्हणत. त्यामुळे थिअरी लावू नकोस, थिअरी म्हणजे काय पोस्टाचं तिकीट आहे का.

ठाकूरद्वार_७२:
प्रश्न विचारणाऱ्या मुलीला एकच सांगतो. हे वाचून नोकरी लागते का? प्राध्यापकीच्या सेट-नेट परीक्षेला विचारतात का? बाकी पंखा साहेब, विराण्या ही भक्ती आहे, जीव आणि शिव यांचं रूपक आहे, त्यात तुमचं जेंडर शोधायला जाऊ नका. हे सगळं तिकडून आलेलं फॅड. आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

रंकाळा_ते_दादर:
काका, तुमच्या वेळीच काय, तुमच्या आजोबांच्या वेळी पण होतं. ज्युनिअर कॉलेजात एकवीस वर्षं झाली मी मराठी शिकवतो, म्हणून जरा धीटपणे सांगतो. ताराबाई शिंदे, बुलढाण्याच्या, 'स्त्रीपुरुष तुलना', साल १८८२. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर बालहत्येचा खटला चालला, वर्तमानपत्रं सगळ्या बायकांच्या नीतीवर घसरली, तेव्हा या बाईंनी पेन उचललं आणि पुरुषांना विचारलं, की जे दोष तुम्ही आम्हाला चिकटवता ते तुमच्यात नाहीत का? ते पुस्तक नंतर इतकं गडप झालं की १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत कोणाला आठवत पण नव्हतं. नव्वद वर्षं! मटेरियल नाही म्हणजे असं असतंय बघ बाळ. कपाटात असतं, कोणी काढत नाही.

आणि र. धों. कर्वे. मुंबईत, विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे, संततिनियमनाच्या प्रचारापायी नोकरी सोडायला लागली. १९२७ पासून मरेपर्यंत म्हणजे १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून अश्लीलतेचा खटला झाला, १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात कोण उभं राहिलं? बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरले, पण उभे राहिले. फॅड म्हणताय ते गिरगावातच वाढलंय काका.

पंखा_नंबर_तीन:
सर, एकदम बरोबर! कर्वे माझ्या डोक्यातच आले नव्हते.

रंकाळा_ते_दादर:
सर नव्हे हो, बाई आहे. कोल्हापूरची. आमच्याकडे बायका पण 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात, आई म्हणायची, आजी म्हणायची. लग्न होऊन दादरला आलो तेव्हा सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात तीनदा टोकलं, "अगं, जाते म्हण, जाते." मी म्हटलं बरं जातो. अजून पण टायपायला बसलो की तसंच येतं.

पंखा_नंबर_तीन:
अरे देवा, माफ करा बाई 🙏 पण बघा ना काय झालं आत्ता. एका 'तो'वरून मी तुम्हाला पँट-शर्ट घालून टाकला!

बदलापूर, ऐकतेयस का? तुझा विषय इथेच पडलाय. इंग्रजीत 'आय वेंट' म्हटलं की बोलणारा बाई की बुवा कळत नाही. मराठीत गेलो की गेले हे सांगितल्याशिवाय तुला दारातून बाहेरच पडता येत नाही. 'कोबाल्ट ब्लू' परत उघड. एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात भाऊ आणि बहीण दोघंही पडतात, आधी तनय बोलतो मग अनुजा. तनयचा पूर्ण भाग त्या मुलाला 'तू' म्हणून आहे. मराठीत 'तू आलास, तू गेलास' म्हटलं की ऐकणारा पुरुष हे त्या 'ला'मध्येच उघडं पडतं, आणि 'मी आलो' म्हटलं की बोलणारा पण पुरुष. २०१३ मध्ये जेरी पिंटोंनी इंग्रजी केलं, अनुवाद मस्तच आहे, पण तिथे 'यू केम' एवढंच. मराठीत जे प्रत्येक ओळीत वाजत राहतं ते इंग्रजीत वाचकाला आठवणीने धरून ठेवावं लागतं. यावर तुझं एक प्रकरण आरामात होतं.

आणि 'मित्राची गोष्ट' हे नावच बघ. १९८१ चं नाटक, सुमित्रा देव कॉलेजात एका मुलीच्या प्रेमात पडते, तिला सगळे मित्रा म्हणतात, आणि गोष्ट सांगतो तो तिचा मित्र बापू. 'मित्राची' म्हणजे मित्र या पुल्लिंगी शब्दाची षष्ठी की मित्रा या मुलीच्या नावाची? दोन्ही. षष्ठीत लिंग गायब होतं. तेंडुलकरांना हे कळत नव्हतं असं मला अजिबात वाटत नाही.

चेंबूर_नाका:
व्याकरण छान आहे पण जरा थांबा. वरची अख्खी यादी बघा, एखाददुसरा सोडला तर सगळी पुण्या-मुंबईची वाड्यातली आणि फ्लॅटमधली माणसं. लावणीचं एका ओळीत उरकलंत. शाहीर पुरुष, बोलणारी बाई, ठीक, पण नाचणारी कोण होती? कोणत्या जातीची? तिला नंतर घरात घेत होते का? शैलजा पाईक यांचं 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' २०२२ मध्ये आलंय, तमाशातल्या दलित बायकांवर, ते वाचल्याशिवाय लावणीवर लिहू नकोस ताई, प्लीज. अश्लील कशाला म्हणायचं हे आपल्याकडे जातीवर ठरत आलंय. तीच लावणी फडावर असली की चावट, आणि एसी हॉलमध्ये असली की महाराष्ट्राची लोककला.

आणि आत्मकथनं कुठे गेली? नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२, कामाठीपुरा असा कवितेत त्याआधी कोणी आणला नव्हता, मी ढसाळांचा भक्तच आहे. पण त्याच्याशेजारी त्यांच्या पत्नी मल्लिका अमरशेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' ठेव, १९८४. एकच घर, एकच मुंबई. बंडखोर कवीच्या घरात बायकोचं काय होतं ते त्यात आहे. उर्मिला पवारांचं 'आयदान' २००३ चं, त्यात तर बाई नोकरी करून, मुलं सांभाळून एम.ए. करतात आणि नवऱ्याला ते रुचत नाही. तू एम.ए. करतेयस, किमान तेवढ्यासाठी तरी वाच. ही पुस्तकं दलित साहित्याच्या पेपरला लावतात आणि लैंगिकतेच्या चर्चेत कोणी त्यांचं नाव घेत नाही, हे कप्पे कोणी केले हा पण एक विषय आहे.

पंखा_नंबर_तीन:
मान्य. लावणीवरून मी घसरत गेलो.

नाव_नको:
इथे माझी ही पहिली पोस्ट. एवढा लांब धागा वाचून राहवलं नाही.

'कोबाल्ट ब्लू' मी पहिल्यांदा वाचलं ते हार्बर लाइनला, कव्हरला वर्तमानपत्र घालून. माझं वय तेव्हा सतरा. पुस्तक संपलं तेव्हा वाशी मागे पडलेलं, माझं स्टेशन तर कधीच. तोपर्यंत मला वाटायचं की हे जे काही आहे ते इंग्रजीतच असतं, मराठीत असं कोणाला होत नाही. म्हणून पंखादादा, तुमचं 'पात्रं मोजू नका' मला पटतं आणि पटत नाही. सतराव्या वर्षी मला थिअरी नको होती, मला एक माणूस हवा होता जो मराठीतून तसा विचार करतो. तेंडुलकरांची मित्रा पण मिळाली, पण तिचा शेवट आत्महत्या. आवडलं नाटक, पण रात्री झोप लागली नाही. किती पुस्तकांत आपण शेवटी जिवंत राहतो, हेही मोजायला पाहिजे कोणीतरी.

बदलापूर, अजून एक बघ. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचं 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' २०१२ चं, वैशाली रोडे यांचं शब्दांकन. दिशा पिंकी शेख यांच्या कविता, 'कुरूप'. तिथे क्रियापदाचा शेवट म्हणजे व्याकरणाची मार्कांची गोष्ट नाही, स्वतःबद्दल 'आले' म्हणणं हाच एक निर्णय असतो आणि घरचे मुद्दाम 'आला' म्हणतात तेव्हा ती शिवी असते. इंग्रजीत 'ही' किंवा 'शी'ऐवजी 'दे' (they) म्हणायची सोय झाली. मराठीत कोणी विचारलं की म्हणतात 'ते' वापरा, पण 'ते' म्हणजे आदरार्थी सासरे, नाहीतर ते टेबल, ते मांजर. माझ्या मित्रमंडळीत यावर रोज भांडणं होतात.

आणि एक विनंती. प्रोजेक्टसाठी मुलाखती घ्यायच्या असतील तर 'तुम्हाला कधी कळलं' हा प्रश्न नको. सगळे तिथूनच सुरू करतात.

बदलापूर_फास्ट:
बापरे, मी कामावरून येऊन बघते तर एवढं सगळं. नाव_नको, तुमची पोस्ट तीन वेळा वाचली. तिसऱ्यांदा कळलं की तुम्ही स्वतःबद्दल एकदाही असं क्रियापद वापरलेलं नाही की ज्यावरून कळेल. 'मी वाचलं', 'मला वाटायचं', 'माझं वय', 'राहवलं नाही'. आणि मी पहिल्याच वाक्यात 'वाचत होते' लिहून मोकळी झाले, विचार पण केला नाही.

नाव_नको:
सापडलं तुला 🙂 वर्षानुवर्षांची सवय आहे. सकर्मक भूतकाळ हा माझा जिवलग. 'मी पुस्तक वाचलं' यात मी कोण हे कोणाला कळत नाही, क्रियापद पुस्तकाच्या मागे जातं. भविष्यकाळ पण चालतो, येईन, जाईन. वांधा होतो तो वर्तमानकाळात.

रंकाळा_ते_दादर:
ही शेवटची ओळ त्या पोरीच्या प्रोजेक्टात गेली पाहिजे, विचारून घे त्यांना.

ठाकूरद्वार_७२:
मी परत आलो. रात्री झोप आली नाही म्हणून पूर्ण धागा वाचला.

'असलं काही नव्हतं' हे मी मागे घेतो. आमच्या वडिलांची एक ट्रंक होती, पंचांगं आणि विम्याची कागदपत्रं ठेवायची. ते गेल्यावर उघडली तर पंचांगाखाली 'रंभा'चा १९६२ चा दिवाळी अंक. ज्यातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा'वर अश्लीलतेची केस झाली, पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९६९ ला ते सुटले, तोच. मी तो उभ्या उभ्या वाचला. आजच्या मानाने काहीच नाही त्यात. पण आमचे वडील, ज्यांनी आम्हाला सिनेमाला जाऊ दिलं नाही, त्यांनी तो एवढी वर्षं जपून ठेवला होता. मी कोणाला सांगितलं नाही, हिलासुद्धा नाही. इथे सांगतोय कारण इथे मला कोणी ओळखत नाही.

मुली, तुला जुने अंक हवे असतील तर दादर पूर्वेला नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे, तिथे बस. डबा ने. जुहूला एसएनडीटीत स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र आहे, १९७४ पासून. दहिसरला 'स्पॅरो' आहे, बायकांच्या मुलाखती, फोटो, कागदपत्रं जपतात. नोकरीचं मी बोललो ते काळजीने बोललो.

चेंबूर_नाका:
काका ❤️

बदलापूर_फास्ट:
अपडेट देते. काल सरांकडे परत गेले. या वेळी आधी 'बेगम बर्वे' काढलं, तर सर म्हणाले, अगं ते पाहिलंय मी तरुणपणी, आणि मग पंधरा मिनिटं त्यातल्या पदांवरच बोलत होते, एक गुणगुणले पण. मग मी नवीन विषय सांगितला, 'कोबाल्ट ब्लू', 'बेगम बर्वे' आणि 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' या तीन संहितांमधला 'मी' आणि त्याची क्रियापदं. तर सरांचा चेहरा एकदम खुलला, "म्हणजे व्याकरण आहे होय! मग ठीक आहे की." सही केली. फक्त शीर्षकातला 'लैंगिकता' शब्द काढ म्हणाले, 'भाषिक अभ्यास' असं कर. मी हो म्हटलं आणि जिना उतरताना स्वतःचाच राग आला. 'आयदान' आणि मल्लिका अमरशेख यात बसत नाहीत, ते मी सोडलंय, चेंबूर_नाका मला माहितीये तुम्ही काय म्हणणार.

शीर्षकासाठी भांडू का आता?

चेंबूर_नाका:
मी म्हणणारच 🙂 निदान प्रस्तावनेत लिही की काय सोडलं आणि का. बहुतेक जण तेवढंही लिहीत नाहीत.

नाव_नको:
मला विचारशील तर भांड. तो शब्द काउंटरवर मोठ्याने म्हणता येत नाही म्हणून तर वपु घरी आले ना.

रंकाळा_ते_दादर:
मी म्हणतो आत्ता नको भांडू. शीर्षक सही झालंय ते तसंच ठेव आणि दुसऱ्या प्रकरणाच्या नावात घाल, मोठ्या टायपात. शीर्षक ऑफिसातला क्लार्कसुद्धा वाचतो, दुसरं प्रकरण फक्त बाहेरचा परीक्षक वाचणार, तो पण वाचलाच तर.

बदलापूर_फास्ट:
दोघांचं पटतंय, हाच प्रॉब्लेम आहे. सोमवारी लायब्ररीत जातेय, वपु परत करायचेत, दंड चौदा रुपये झालाय. खिरेंची 'पार्टनर' परत मागणार आहे, आणि त्यांनी विचारलं कशावर आहे तर या वेळी सांगणार. लायनीत कोण आहे ते बघून नाही. बघू.